धरते, सुटते, पडते : खपलीच्या शब्दकुळाविषयी

जखमेला खपली धरते. दुधावर साय येते. तव्यावर कीट चढते, भिंतीचे पोपडे सुटतात, मूर्तीला लेप लावतात आणि गव्हावर तांबेरा पडतो. यातल्या प्रत्येक वाक्यात एखाद्या वस्तूवर बसलेला, तिच्याहून वेगळ्या पोताचा एक थर आहे. इंग्रजी-मराठी कोश उघडले, तर यातले बरेच शब्द एकाच इंग्रजी शब्दापुढे स्वल्पविराम देऊन ओळीने उभे केलेले दिसतात. जणू एकाच्या जागी दुसरा बसवला तरी चालेल. पण दुधाला पोपडा सुटला असे कोणी म्हणत नाही, आणि भिंतीला साय आली असेही नाही. शाळेत न गेलेले माणूसही ही चूक करणार नाही. मग हे ज्ञान भाषेत नेमके कुठे साठवलेले आहे? हे पुस्तक या शब्दकुळाचे आहे आणि त्याच्या मध्यभागी 'खपली' हा शब्द आहे. या प्रस्तावनेत मला मांडायचे आहे ते एवढेच, की या शब्दांचा अर्थ नामात जितका आहे त्याहून जास्त त्यांच्या क्रियापदांत आहे. थर कशाचा बनला आहे हे मराठीने फारसे विचारलेले नाही. तो कसा आला आणि कसा जाणार, हे तिने विचारले आणि त्यावरून शब्द वाटून दिले.

खपलीपासूनच सुरुवात करू. जखमेवर रक्त गोठते, वाळते आणि एक कडक कवच तयार होते. हे कवच कोणी लावलेले नसते. शरीराने ते स्वतः धरलेले असते. म्हणून 'खपली धरते'. झाडाला फळ धरते, दुधावर साय धरते, पाण्याच्या टाक्याला शेवाळ धरते, त्याच वळणाचे हे क्रियापद. पुढे खालची कातडी नवी झाली की 'खपली पडते', तीही आपोआप. आणि माणसाने घाईने नखाने उचकटली तर 'खपली काढली' असे आपण म्हणतो. धरणे, पडणे, काढणे या तीन क्रियापदांत जखमेचा सगळा इतिहास येतो, आणि तिसऱ्यात माणसाचा दोषही येतो. जुन्या भांडणाची आठवण उगाच काढणाऱ्याला 'जखमेवरची खपली काढू नकोस' असे सांगतात, तेव्हा दुःख अजून ओले आहे एवढेच सांगायचे नसते. ते आतून भरत आले होते आणि तू मध्ये हात घातलास, हा ठपका त्यात असतो. देवीच्या रोगात तर या क्रियापदाला जवळजवळ कायद्याचे वजन होते. अंगावरच्या सगळ्या खपल्या पडेपर्यंत रोग्यापासून संसर्गाचा धोका असे, त्यामुळे घरच्यांनी किती दिवस दूर राहायचे याचा हिशेब खपली पडण्यावर चाले. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली गोस्तनी देवी टोचली गेली. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत हा रोग गेला, पण त्याने खपलीला दिलेली ही मुदतीची छटा भाषेत राहिली आहे. एक सावधगिरीही इथेच सांगून टाकतो. 'दिवसभर शेतात खपली' किंवा 'भाजी बघताबघता खपली' यातली खपली म्हणजे 'खपणे' या क्रियापदाचे भूतकाळी रूप. दिसायला जुळे असले तरी हे शब्द वेगळे आहेत, आणि कोशात ते शेजारी बसल्यामुळे वाचकाचा घोटाळा होऊ शकतो.

आता हाच शब्द शेतात नेऊ. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात आणि सीमेपलीकडच्या उत्तर कर्नाटकात जो 'खपली' गहू पिकतो, त्याला हे नाव का पडले हे त्याचे कणीस हातात घेतल्यावर कळते. साध्या गव्हाची ओंबी तळहातावर चोळली की तूस बाजूला होते, दाणे मोकळे होतात आणि फुंकर मारली की हातात नुसते गहू राहतात. खपलीची ओंबी चोळली तर ती जोडाजोडांवर मोडते आणि हातात लहान चपटी बोंडे येतात. प्रत्येक बोंडात बहुधा दोन दाणे, बाहेरून दोन ताठ टणक पाकळ्यांनी घट्ट आवळलेले. नखाने उकलायला गेले तर पाकळी तुटते, दाणा सुटत नाही. मळणीने काम भागत नाही. उखळात कांडावे लागते किंवा त्यासाठी वेगळी गिरणी लागते. ज्या शेतकऱ्याने याला खपली म्हटले, त्याने जखम आणि गहू यांची नुसती उपमा जुळवली नव्हती. 'वरचे कवच आतल्याला धरून आहे, ओढून निघणारे नाही' हे एकच निरीक्षण त्याने दोन ठिकाणी केले. वनस्पतिशास्त्रानेही गव्हांची मोठी विभागणी याच गुणावर केली आहे : मळणीत दाणा मोकळा होतो ते गहू एका बाजूला, तुसात अडकून राहतो ते दुसऱ्या बाजूला. खपलीचे शास्त्रीय नाव ट्रिटिकम डायकॉकम. त्यातल्या 'डायकॉकम'चा अर्थच दोन दाण्यांचा. लोकभाषेतला शब्द ढोबळ असतो आणि शास्त्राचा नेमका असतो असे मानणाऱ्यांनी या एका उदाहरणापाशी जरा थांबावे. हे वर्गीकरण शेतकऱ्याने केले होते, प्रयोगशाळेत त्याला लॅटिन नाव मिळाले.

या शब्दाचा जगभर झालेला प्रवास मराठी वाचकाला फारसा माहीत नाही, म्हणून त्यावर थोडा वेळ घालवतो. गव्हाच्या खोडावरच्या तांबेऱ्याचे अनेक वंश असतात. एक वंश एका जातीला मारतो, दुसरा तिला सोडून भलत्याच जातीला. ते ओळखायचे तर ठरावीक जातींचा एक संच लावून कोणत्या जातीवर पुटकुळ्या येतात हे पाहावे लागते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात स्टॅकमन आणि लेव्हाइन यांनी १९२२ साली असा बारा जातींचा संच ठरवला आणि पुढे कित्येक दशके तो जगभर वापरला गेला. त्या बारांत लिटल क्लब आहे, मार्क्विस आहे, कुबांका आहे आणि 'खपली' आहे. बाकीचे गहू जिथे बळी पडत तिथे खपली बहुतेक वंशांपुढे टिकून राहत असे, म्हणून तिचे स्थान महत्त्वाचे. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी खपली आणि स्टाइनवेडेल या जातींच्या संकरातून जो गहू मिळवला त्याला 'खॅपस्टाइन' हे नाव पडले. निम्मे मराठी आणि निम्मे युरोपी असे नाव गव्हाच्या दुसऱ्या जातीला क्वचितच असेल. तांबेऱ्याला रोखणारी काही जनुके खपलीतूनच पुढे आधुनिक गव्हांत गेली. इथे एक गैरसमज टाळायला हवा. तांबेऱ्याला अडवले ते जनुकांनी, दाण्यावरच्या टणक तुसाने नाही. नाव कवचाचे असले तरी गुण आतला होता.

तांबेरा हाही थरच. पानावर आणि खोडावर उठलेल्या, फुटून तांबडी पूड सांडणाऱ्या पुटकुळ्यांचा थर. पण त्याचे क्रियापद बघा : तांबेरा 'पडतो'. खपलीही पडते, फक्त दिशा उलटी. खपली पडते म्हणजे अंगावरून गळते. तांबेरा पडतो म्हणजे वरून येऊन बसतो, जसे दव पडते, धुके पडते, टोळ पडतात. ही दुसरी दिशा उगाच आलेली नाही, आणि याचा पुरावा मी जिथून लिहितो त्या जबलपूरच्या परिसरातून सुरू होतो. ठगांच्या बंदोबस्तासाठी ज्याचे नाव प्रसिद्ध आहे तो कर्नल स्लीमन जबलपूरला दीर्घकाळ होता. १८४४ साली छापलेल्या त्याच्या प्रवासग्रंथात त्याने नर्मदेच्या खोऱ्यात पाहिलेल्या तांबेऱ्याचे वर्णन केले आहे : मैलोनमैल सलग पसरलेला गहू असा गेला, की बहुतेक शेतांची कापणी करण्याचा खर्चही लोकांना परवडेना. लोकांनी त्याची कारणे देवाच्या कोपात आणि राज्यकर्त्यांच्या पापात शोधली. पुढे आग्र्याचे करमचंद मेहता यांनी आयुष्य खर्चून दाखवून दिले, की मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू तगत नाहीत. ते डोंगरात तगतात आणि तिथून दर हंगामात पुन्हा खाली येतात. त्यानंतर जोशी आणि नागराजन यांच्या संशोधनातून खोडावरच्या तांबेऱ्याची वाटही स्पष्ट झाली. निलगिरी आणि पलनीच्या डोंगरांतून हे बीजाणू उंच हवेत चढतात, चक्रीवादळाच्या वाऱ्यांबरोबर मध्य भारतापर्यंत येतात आणि पावसाबरोबर पिकावर उतरतात. म्हणजे तांबेरा खरोखरच आकाशातून पडतो. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारताचा गहू याच रोगाने झोडपला. त्या शेतकऱ्यांना बीजाणू दिसत नव्हते, पण त्यांच्या भाषेने थर आतून आला की वरून आला हे बरोबर ओळखले होते.

असल्या शब्दांचा अभ्यास मराठीत कुणी आणि कसा केला, याचा आढावा नवख्या वाचकासाठी आवश्यक आहे. पहिली परंपरा कोशकारांची. कँडी बंधूंच्या साहाय्याने मोल्सवर्थने सिद्ध केलेला कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. त्या कोशाचे मोठेपण असे, की पंडिती शब्दांबरोबर स्वयंपाकघरातले, गोठ्यातले आणि सुताराच्या कामातले शब्दही त्याने बरोबरीने घेतले. एका शब्दाचे चार अर्थ देताना तो वापरातले वाक्यप्रयोगही देतो, आणि त्यामुळे क्रियापदांचा बराच माल आपल्यासाठी त्यात नकळत जपला गेला आहे. य. रा. दाते, चिं. ग. कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत आला. प्रांतोप्रांतीचे पाठभेद, म्हणी आणि संप्रदाय यांत त्याच्या तोडीचे दुसरे काम नाही. दुसरी परंपरा व्युत्पत्तीची. वि. का. राजवाडे यांनी मराठीचे धातू आणि नामे यांचा माग संस्कृतापर्यंत काढला, आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ साली आला. या परंपरेने आपल्याला सांगितले, की पापड, पापडी आणि हिंदीतली पपडी ही संस्कृत 'पर्पट'ची मुले. ही माहिती मोलाची आहे, तरी पापड आणि पपडी वेगळ्या वाटांनी का गेल्या याचे उत्तर ती देत नाही. शिवाय या परंपरेला नादसाम्याचा मोह फार. खपली, खापर, खापरी, खवला, खवडा हे शब्द एका ओळीत लिहिले की सगळे एका घरचे वाटू लागतात; पुरावा मात्र प्रत्येकाचा वेगळा द्यावा लागतो, आणि जिथे तो नाही तिथे गप्प राहणे बरे.

तिसरी परंपरा बोलींच्या पाहणीची. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ सालचा; १९६० च्या दशकात अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीची स्वतंत्र पुस्तके काढली. या कामात ध्वनी आणि रूपे फार काटेकोर नोंदवली गेली. पण शब्दयाद्यांची पद्धत अशी, की संशोधक वस्तू दाखवून 'याला काय म्हणता?' विचारतो आणि नाम लिहून घेतो. 'हे काय करते?' हा प्रश्न त्या यादीत क्वचितच असतो. चौथी परंपरा धंद्यांची. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गाव-गाडा'मध्ये (१९१५) बलुतेदारांच्या कामाची जी भाषा सापडते, ती कोशात शोधून मिळणार नाही. पाचवी सरकारी परिभाषेची. भाषा संचालनालयाने १९६० नंतर विषयवार परिभाषा कोश काढले. कारभार मराठीत चालवायचा तर ते करणे भागच होते, आणि त्या कामाची टिंगल करण्याची जी रीत पडली आहे ती मला मान्य नाही. तरी या कोशांनी थरांसाठी 'आवरण', 'लेपन', 'पटल' अशी संस्कृत नामे घडवली तेव्हा क्रियापद एकच उरले : 'होणे' किंवा 'करणे'. आवरण होते, लेपन करतात. आले कुठून आणि जाणार कसे, हे वाक्यातून निघून गेले. माझ्या मते नुकसान झाले ते इथे, आणि ते नामांपेक्षा क्रियापदांचे झाले.

जबलपूरसारख्या गावात क्रियापदांचा हा प्रश्न जास्त स्पष्ट दिसतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख आधी सागरच्या मराठ्यांकडे आणि मग नागपूरच्या भोसल्यांकडे गेला. इंग्रजी अमलात मध्यप्रांतात, आणि पुढे १९५६ पर्यंत, जबलपूर आणि विदर्भाचे जिल्हे एकाच राज्यात राहिले. मराठी आणि हिंदी इथे शेजारी वाढल्या आणि एकमेकींच्या अभ्यासाला उपयोगी पडल्या. दमोह जिल्ह्यात जन्मलेले माधवराव सप्रे यांनी मराठीतला दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेले. जबलपूरचे कामताप्रसाद गुरू यांनी हिंदीचे प्रमाणभूत व्याकरण रचले, तेव्हा मो. के. दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'चा आधार घेतला. त्या गावातल्या सिविल लाइन्सच्या जुन्या बंगल्यांच्या भिंती बघाव्यात. वीट आणि चुन्याची जाड भिंत, वर चुन्याचा गिलावा, त्यावर वर्षानुवर्षे दिलेले चुन्याचे हात. पावसाळा सरताना जोत्याच्या वर हातभर उंचीवर रंग फुगतो, मग चिरतो, आणि कडेने बाहेर वळलेला पोपडा लोंबू लागतो. तो हलक्या हाताने काढून उलटा करावा : पुढून पिवळा किंवा निळा, कडेला वहीच्या पानांसारखे पाचसहा हात एकावर एक, आणि पाठीला बारीक पांढऱ्या सुयांचा कापूस. ते मीठ आहे. जमिनीतले पाणी भिंतीतून वर चढते, येताना क्षार आणते. पाणी उडून जाते आणि क्षार रंगाच्या मागे स्फटिक होऊन वरच्या थराला ढकलतात. म्हणजे पोपड्याला कोणी काढलेले नाही, तो आतून लोटला गेला आणि सुटला. मराठी म्हणते 'पोपडे सुटले'. हिंदी म्हणते 'दीवार पपड़ी छोड़ रही है', म्हणजे सोडणारी भिंत. मराठीत कर्ता पोपडा, हिंदीत कर्ता भिंत. आणि इथल्या मराठी घरांत 'भिंत पपडी सोडते आहे' हे दोहोंचे मिश्रणही सहज कानावर येते. शुद्धीवाद्यांना ते खटकेल. मला ते भाषेच्या जिवंतपणाचे लक्षण वाटते, आणि भिंतीच्या बाबतीत हिंदी वळण अधिक अचूक आहे असेही वाटते : दुखणे भिंतीचे आहे, पोपडा ही फक्त त्याची खूण. ज्यांना हे कळत नाही ते पोपडे खरवडून वर सिमेंटचा गिलावा चढवतात. पाण्याला बाहेर पडायची वाट बंद होते आणि ओल आणखी वर सरकते.

लावलेल्या थरांची भाषा निराळी. लेप लावतात, पुट चढवतात, मुलामा देतात, कल्हई करतात. सगळी क्रियापदे माणसाच्या हाताची. देवाच्या मूर्तीपाशी मात्र ही वाटणी गुंतागुंतीची होते. पिढ्यान्पिढ्या शेंदूर आणि तेल लावत गेले की त्याचे कवच बनते. प्रत्येक थर लावलेला, पण साठलेले कवच कोणी लावलेले नसते. ते झालेले असते. म्हणून ते काढायचे ठरले की लोकांच्या मनात खपली काढण्याची धास्ती उभी राहते, आणि आपोआप निखळले तर 'देवाने कवच सोडले' म्हणून उत्सव होतो. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर शास्त्रशुद्ध रीतीने उतरवला आणि खालचे मूळ रूप भक्तांनी पाहिले. २०१५ साली कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूर्तीवर संवर्धनाची प्रक्रिया झाली, तेव्हा 'वज्रलेप' हा शब्द घराघरात पोहोचला. तो शब्द वराहमिहिराच्या बृहत्संहितेत आहे. तिथे टेंभुर्णीची आणि कवठाची कच्ची फळे, सावरीची फुले वगैरे उकळून तो कसा करावा हे सांगितले आहे. नव्या प्रक्रियेतली रसायने सर्वस्वी वेगळी, तरी शब्द तोच राहिला, कारण क्रियापद तेच राहिले.

स्वयंपाकघराविषयी थोडक्यात, कारण पुस्तकात त्याला भरपूर जागा आहे. दूध आटवले की कडेला खरवड धरते आणि ती खरवडून काढतात, लोणी कढवले की तळाशी बेरी बसते, भाकरीला पापुद्रा सुटतो आणि तो सुटला म्हणजेच भाकरी जमली. पोपडा सुटला की घराची काळजी, पापुद्रा सुटला की स्वयंपाक करणारीचे कौतुक; क्रियापद एकच. मसाल्यातले दगडफूलही याच कुळातले. ते फूल नव्हे, खडकावर आणि झाडाच्या सालीवर धरणारे, बुरशी आणि शैवाल यांच्या सहवासातून बनलेले दगडाच्या रंगाचे पापुद्रे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या दगडफुलांचा मोठा संग्रह आहे, आणि 'एमएसीएस २९७१' हे खपली गव्हाचे बुटके वाणही त्याच संस्थेतून आले. या पुस्तकातली दोन प्रकरणे एकाच छपराखाली भेटतात, याचा मला आनंद आहे.

माझ्या मांडणीवर आक्षेप येतील. पहिला असा, की क्रियापदे इतकी शिस्तशीर नसतात. लोखंडाला गंज लागतो, चढतो आणि धरतोही. गंज तर लोखंडातूनच बनतो, मग 'चढतो' कसा? हा आक्षेप खरा आहे. काही थरांच्या बाबतीत बोलणाऱ्याला उगम दिसत नाही, आणि मग भाषा तीन दारांतून आत येते. पण तेवढ्याने नियम मोडत नाही, उलट त्याची सीमा कळते : जिथे थराचे येणे-जाणे डोळ्यांना दिसते तिथे क्रियापद पक्के, जिथे दिसत नाही तिथे सैल. दुसरा आक्षेप रंगाचा. रंग तर बाहेरून लावलेला, तरी 'कापडाने रंग धरला' म्हणतात. इथे कर्त्याकडे पाहावे. धरणारे कापड आहे. रंगाऱ्याने रंग लावला हे एक वाक्य, कापडाने तो धरला हे दुसरे, आणि दोन्ही खरी झाल्याशिवाय रंग पक्का होत नाही. हा आक्षेप माझ्या बाजूचाच साक्षीदार निघतो.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो वैद्यकातून येतो. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवले, की झाकून ओली ठेवलेली जखम उघड्यावर खपली धरलेल्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने कातडीने झाकली जाते. कोरड्या खपलीखाली नव्या पेशींना वाट काढत जावे लागते. म्हणजे खपली धरली की जखम भरू लागली, हा आपला समज अपुरा ठरला, आणि आजच्या बऱ्याच मलमपट्ट्या खपली धरू नये अशाच बेताने बनवतात. मग ज्या शब्दात चुकीचे शास्त्र आहे तो जपायचा कशाला? माझे उत्तर असे, की भाषेने खपलीला औषध कधीच म्हटले नव्हते. ती धरते आणि पडते एवढेच म्हटले होते, आणि मध्ये हात घालू नका असे बजावले होते. हे निरीक्षण आजही उभे आहे. त्यावर आपण चढवलेला निष्कर्ष चुकला. अर्थात निष्कर्षही शब्दाला चिकटूनच पिढ्यान्पिढ्या येतात हे मान्य केले पाहिजे, आणि म्हणून अशा शब्दांची नोंद करताना शब्द कुठे थांबतो आणि समज कुठे सुरू होतो ही रेघ ओढणे कोशकाराचे काम आहे.

हे सगळे आताच करण्याची निकड का? खपली गहू आज शहरांतल्या दुकानांत पाकिटातून महाग विकला जातो. पाकिटावर 'खपली' छापलेले असते आणि आतले पीठ असे तयार, की ते घेणाऱ्याने ते बोंड कधी पाहिलेले नसते. नाव राहिले, नावाचे कारण गेले. चुन्याच्या भिंती पाडल्या जात आहेत. कल्हईवाला दारावरून जायचा थांबला. आणि या थरांविषयीची पुढची बरीच वाक्ये यंत्रे लिहिणार आहेत, जी लिहिलेल्या मजकुरावरूनच शिकतात. जे क्रियापद कागदावर आले नाही ते त्यांना कधीच कळणार नाही. ही भीती दाखवण्यासाठी मी लिहीत नाही. अशी नोंद करायला आजवर इतके तातडीचे कारण नव्हते, एवढेच मला म्हणायचे आहे.

प्रस्तुत पुस्तक सर्वसंग्राहक कोश होण्याचा दावा करत नाही. संपादकांनी थरांचे शब्द अकारविल्हे न लावता क्रियापदांच्या गटांत लावले आहेत : धरणारे, सुटणारे, पडणारे, चढणारे, लावलेले. एखादा शब्द दोन गटांत आला तर दोन्हीकडे ठेवला आहे, कापून एका जागी बसवलेला नाही. व्युत्पत्ती जिथे पक्की तिथेच दिली आहे. गवंडी, कल्हईवाले, शेतकरी, परिचारिका, मूर्तींचे जतन करणारे यांची भाषा त्यांच्या कामाच्या वर्णनासह घेतली आहे. त्यामुळे काही नोंदी कोशातल्या नोंदीपेक्षा लांब आणि काही अगदी दोन ओळींच्या झाल्या आहेत. हा असमानपणा मी त्यांना कायम ठेवायला सांगितला. महाराष्ट्राबाहेरच्या मराठीला, विशेषतः जबलपूर, सागर, इंदूर, ग्वाल्हेर इथल्या घरांतल्या मराठीला, यात बिघडलेली भाषा म्हणून कुठे खाली घातलेले नाही.

वाचकांना एक विनंती आहे. प्रत्येक नोंदीखाली दोन ओळींची जागा मोकळी सोडली आहे. तुमच्या घरी, तुमच्या गावात त्या थराविषयी वेगळे क्रियापद वापरत असतील तर ते तिथे पेन्सिलीने लिहा, आणि शक्य असल्यास कोण म्हणत असे तेही : आजी, गवंडी, दाई, कोणीही. दुसऱ्या आवृत्तीत त्या ओळी छापायच्या आहेत.

सिविल लाइन्स, जबलपूर